ब्रेकचे पेडल खोल जाते? आधी कारण शोधा

महोदय,

पेडल खोल जाऊ लागले की 'ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढून घ्या' असे सर्रास सांगितले जाते. पण दोष दर वेळी हवेचाच नसतो. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर बहुधा मास्टर सिलिंडरची (पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या नळकांड्याची) रबरे गेलेली असतात. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल वर येत असेल, तर मागच्या चाकांच्या ड्रममधल्या शूंचे (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेक-पट्ट्यांचे) ड्रमपासूनचे अंतर तपासा. स्पंजासारखे दबत असेल, तर मात्र हवा.

हवा काढताना पेडल दाबलेले असतानाच चाकाजवळचे निपल (हवा बाहेर सोडण्याचा पोकळ स्क्रू) पाव फेरा सैल करावे आणि पेडल सोडण्याआधी आवळावे. ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नये. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवाच. पेडल तळाला टेकले तर मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर रबर घासून फाटते. डावे-उजवे कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) अदलाबदल झाले, तर निपल खालच्या बाजूला येते आणि कितीही पंप केले तरी हवा निघत नाही.

उघड्या डब्यातले ब्रेक ऑइल तर वापरूच नये. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो.

— एक वाचक