‘झिंगाट’वरचा राग चुकीच्या पत्त्यावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सैराट’ सिनेमातलं ‘झिंगाट’ हे गाणं म्हणजे निव्वळ गोंगाट आहे आणि लतादीदी जिथे जन्मल्या त्या शहरात गणपतीपुढे तो वाजावा ही शरमेची गोष्ट आहे, असं एका वाचकाचं पत्र आपण छापलंत. मी इंदुरात मुलांना पेटी शिकवते आणि मला ते पत्र अजिबात पटलं नाही.

माझ्याकडची निम्मी मुलं मराठी नाहीत. सिंधी आहेत, अगरवाल आहेत. यमन रागाचे स्वर मी त्यांना वहीत लिहून देते, तरी आठवड्यात विसरतात. ‘झिंगाट’ मी एकालाही शिकवलेलं नाही. मी पाणी प्यायला आत गेले, की बाहेर तेच सुरू. पांढरी एक ही पट्टी सांगितलेली असते, वाजतं काळी चारच्या पट्टीत, पण चाल बरोब्बर! न शिकवता बोटांत उतरणारी चाल बांधणं सोपं वाटत असेल, त्यांनी एक बांधून दाखवावी. मुखड्याची ओळ एका दमात म्हणता येते, आणि दम संपत आला की तो एकच शब्द पुन्हापुन्हा येतो. तो बेसूर माणसालाही ओरडता येतो. वरातीच्या गाण्याला आणखी काय हवं?

गाण्याची बाजू घेणारेही भलतंच सांगतात. म्हणे ‘सैराट’चं संगीत लॉस एंजेलिसला मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं, म्हणून ते थोर. अहो, तो वाद्यवृंद ऐकायचा तर ‘याड लागलं’ ऐका, तिथे व्हायोलिनांची कमाल आहे. ‘झिंगाट’चं त्यावाचून काही अडत नाही. राजवाड्याकडून जाणारा साधा बँड, त्यातलं एक क्लॅरिनेट हमखास उतरलेलं, तरी गाणं उभं राहतं. २०१८ मध्ये ‘धडक’साठी ते हिंदीत झालं, चाल मूळ संगीतकार अजय-अतुल यांचीच. शहर आमचं हिंदी बोलणारं, पण आमच्या गल्लीतल्या वराती अजून मराठीच वाजवायला सांगतात.

शब्द गावंढळ, हा दुसरा आक्षेप. ‘सैराट’मधल्या करमाळ्याकडच्या पोरांनी मग काय गझल म्हणायची? आणि सिनेमात हे गाणं येतं पाटलाच्या घरच्या वाढदिवसाला; तिथेच पुढे नायकाला, परश्याला, मार बसतो. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी ही बेभान मजा नेमकी त्याच्या आधी ठेवली आहे, हे नुसतं डीजेवर ऐकणाऱ्याला कसं कळणार?

राहिल्या लतादीदी. त्यांना मध्ये आणायचंच, तर पुरतं आणावं. १९६५ च्या ‘साधी माणसं’चं संगीत ‘आनंदघन’ या नावाने त्यांचंच. त्यात ‘ऐरणीच्या देवा’ गाते ती लोहाराची बायको. गावच्या बोलीचं नि गावच्या चालीचं दीदींना वावडं नव्हतं. (‘झिंगाट’ त्या तोडीचं आहे, असं माझं म्हणणं नाही. त्या तोडीचं फार काही नसतंच.)

डीजेचा त्रास मलाही होतो. खिडकीच्या काचा थरथरतात, क्लास सोडून द्यावा लागतो. पण त्या स्पीकरांवर यमन लावला तरी काचा थरथरणारच. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. पत्रलेखकांनी त्यासाठी ठाण्यात अर्ज द्यावा, खाली मीही सही करते.

– एक पेटीशिक्षिका, लोकमान्य नगर, इंदूर