कासेलचे चाक आणि आपली मोटार

नागपूर, दि. १८ मे

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जात नाही. बागेला पाणी द्यायचे तर रात्री दोन वाजता उठून, हातात बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जावे लागते. अशा माणसाला कोणी विजेविना आणि डिझेलविना अखंड चालणारे यंत्र बसवून देतो म्हणाला, तर ते ऐकून घ्यावेसे वाटणारच. त्या गृहस्थांनी पुरावा म्हणून जर्मनीतल्या बेस्लरच्या आपोआप फिरणाऱ्या चाकाची हकिकत सांगितली, आणि बाबा मला म्हणाले, "लायब्निझसारखा गणिती विद्वान साक्षीला होता, मग ते सगळे खोटे कसे असेल?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आठवडाभर ऑफिसातून आल्यावर मी तेवढेच वाचत होते.

योहान बेस्लर स्वतःला ऑर्फिरेयस म्हणवीत असे. त्याने १७१२ साली गेरा गावी पहिले चाक दाखवले, पुढे आणखी मोठी केली, आणि १७१७ साली हेस-कासेलचा संस्थानिक कार्ल याच्या वाड्यात शेवटचे गाजलेले चाक उभे केले. ते बारा फूट व्यासाचे आणि सुमारे चौदा इंच जाड होते, आतले काही दिसू नये म्हणून वरून मेणकापडाने मढवलेले होते, आणि मिनिटाला पंचवीस-सव्वीस फेरे घेत होते. १२ नोव्हेंबर १७१७ रोजी खोलीला मोहोर लावून ती बंद केली गेली; चौदा दिवसांनी उघडली तेव्हा चाक फिरत होते, पुन्हा मोहोर लावून ४ जानेवारी १७१८ रोजी उघडली तेव्हाही फिरतच होते.

आता लायब्निझचे. त्याने बेस्लरचे चाक पाहिले होते आणि त्याच्यावर त्याची चांगली छाप पडली होती, हे खरे. पण ते १७१४ सालचे आधीचे चाक होते. लायब्निझ १७१६ च्या नोव्हेंबरात वारला, म्हणजे कासेलची खोली बंद झाली त्याच्या वर्षभर आधी. त्या गृहस्थांनी एका प्रसंगाचा साक्षीदार दुसऱ्या प्रसंगाला जोडला आहे. त्यांनी हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही, परंतु जमिनीच्या फेरफारात एका गटाची नोंद दुसऱ्या गटावर चढली तर बाबा जसे तिथेच थांबतात, तसे इथेही थांबायला हवे.

कासेलचा खरा वजनदार साक्षीदार म्हणजे हॉलंडमधल्या लायडनचा प्राध्यापक स'ग्राव्हेसांडे. त्याने १७२१ साली चाक तपासले, आसाची टोके पाहिली, बाहेरून कोणी फिरवत असल्याची खूण त्याला सापडली नाही, आणि तसे त्याने न्यूटनला कळवले. मी त्याच्या प्रामाणिकपणावर विश्वास ठेवते. मात्र त्याला चाकाच्या आत पाहू दिलेले नव्हते, आणि त्याच्या तपासणीनंतर बेस्लरने ते चाक स्वतःच्या हाताने फोडून टाकले. ज्याला गुपितासाठी एक लाख थेलर (तेव्हाची जर्मन चांदीची नाणी) हवे होते, त्याने एवढ्या अनुकूल परीक्षकाचा राग धरून चाकच मोडावे, हे मला फार खटकते. आत पाहिलेला एकटा कार्ल होता. सुताराच्या पोरालाही जमेल इतके ते सोपे आहे, असे तो म्हणाला, पण दिलेला शब्द पाळून त्याने गुपित कधी उघड केले नाही. त्यामुळे सोपे म्हणजे काय, हे त्याच्याबरोबर गेले.

उलट बाजूचा पुरावाही मी तितक्याच कसोशीने पाहिला. १७२७ साली बेस्लरच्या मोलकरणीने साक्ष दिली की आपण आणि घरातली माणसे शेजारच्या खोलीतून चाक फिरवत होतो. लोक हे वाचून प्रकरण मिटले असे मानतात. मला ही साक्ष कच्ची वाटते, कारण ती कितीतरी वर्षांनंतरची आहे आणि ज्याने आसाची टोके स्वतः पाहिली त्याच्या निरीक्षणाशी तिचा मेळ बसत नाही. ती मोलकरीण होती म्हणून तिचे बोलणे हलके धरू नये, हेही मी स्वतःला बजावले. पण तिची साक्ष बाजूला ठेवली म्हणून बेस्लरची बाजू सिद्ध होत नाही. बेस्लरने काय केले ते आपल्याला सापडले नाही, एवढेच त्यातून ठरते.

त्या मोहोरबंद खोलीचाच विचार करा. मिनिटाला सव्वीस फेरे धरले तर त्रेपन्न दिवसांत सुमारे वीस लाख फेरे होतात. ते मोजले कोणी? दार उघडल्या क्षणी चाक फिरत होते, इतकेच साक्षीदारांनी पाहिले. मोहोर शाबूत असणे म्हणजे दारातून कोणी आत गेले नाही. मधल्या प्रत्येक रात्री चाक फिरले, हे मोहोर सांगू शकत नाही.

गेल्या रविवारी मी इथल्या महाल भागातल्या एका सायकल दुरुस्तीच्या दुकानातून जुने चाक आणले, त्याच्या कडेला बारा लहान बिजागऱ्या तारेने बांधल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक नट अडकवला, अशा बेताने की उजवीकडे उतरताना नट बाहेर फेकले जावेत आणि डावीकडे चढताना आत मिटावेत. हाताने फिरवले की ते टकटक करीत सात-आठ फेरे घेई, मग मागेपुढे डोलून थांबे. थांबल्यावर मी नट मोजले. उजवीकडचे आसापासून लांब होते, पण पाचच होते. डावीकडचे जवळ होते, पण सात होते. बाहेर जाऊन मिळवलेले संख्येत गमावले जात होते. बेस्लरची रचना हीच होती असे मी म्हणणार नाही, कारण ती कोणालाच माहीत नाही. पण वजन खाली येताना जेवढे देते तेवढेच वर जाताना परत मागते, आणि आसाचे घर्षण त्यावर आपला वाटा घेते, हे कुठल्याही रचनेला लागू आहे. स'ग्राव्हेसांडेच्या काळी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा, म्हणजे ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही हा, नियम सिद्ध झालेला नव्हता, मायर आणि जूल या शास्त्रज्ञांचे काम १८४० नंतरचे आहे. म्हणून त्याने शक्यता खुली ठेवली यात त्याचा दोष नाही. आपल्याला ती मुभा राहिलेली नाही.

बाबा भास्कराचार्यांचे नाव काढतील, हेही मला ठाऊक आहे. सिद्धान्तशिरोमणीत ११५० साली त्यांनी पारा भरलेल्या आऱ्यांचे स्वयंवह, म्हणजे आपोआप फिरणारे, चाक वर्णिले आहे, आणि त्या कल्पनेचे मला मनापासून कौतुक आहे. परंतु वर्णन म्हणजे चालताना पाहिल्याची साक्ष नव्हे.

म्हणून बाबा, बागेच्या मृगबहाराचे पैसे अजून देऊ नका. त्या गृहस्थांना सांगा की यंत्र आपल्या विहिरीवर आणा, झाकण काढून ठेवा, बाहेरची कुठलीही वायर वा बॅटरी जोडू नका, आणि आपली मोटार त्यावर सलग तीन दिवस चालू द्या; पाणी मी स्वतः हौदात मोजेन आणि रात्री आळीपाळीने आपण जागू. आई, तोवर बाबांचे चेकबुक तुझ्या कपाटात असू दे. मी शनिवारी सकाळच्या बसने काटोलला येते, नटांचे चाक सोबत आणते. बाबांनी ते स्वतः फिरवून पाहावे आणि माझे मोजणे चुकले असेल तर मला दाखवावे.

तुमची लेक