चालकाचा पगार वहीत लिहायला लावणाऱ्या तात्यांना

आदरणीय तात्यांस,

साष्टांग नमस्कार.

मी दुसऱ्याच्या ट्रकवर पगारी ड्रायव्हर होतो तेव्हापासून आपण मला ओळखता, आणि स्वतःच्या गाडीचा मालक झाल्यावर या धंद्यात टिकलो तो आपल्यामुळे, म्हणून हे पत्र. ते असे जाहीर लिहिण्याचे कारण एवढेच की, आपल्यासमोर आभाराचा विषय काढला की आपण चहा सांगता आणि बोलणे टायरच्या भावाकडे वळवता. शिवाय आमच्या भागातली बरीच पोरे सध्या हप्त्यावर गाडी घ्यायला निघाली आहेत. आपण मला जे सांगितलेत ते त्यांच्याही वाचनात यावे असे वाटते.

2022 साली मी जी दहा चाकी जुनी गाडी पसंत केली होती, तिला नुकताच रंग मारलेला होता आणि विकणाऱ्याने आम्हाला दुपारची वेळ दिली होती. आपण म्हणालात, सकाळी सहाला जाऊ आणि न कळवता जाऊ. तिथे पोहोचल्यावर आपण आधी केबिन उचलायला लावून इंजिनावर उलटा हात ठेवलात, ते गार असल्याची खात्री करून घेतलीत आणि मगच स्टार्टर मारायला सांगितलात, कारण गरम केलेले इंजिन कसलेही असले तरी एका झटक्यात सुरू होते. गाडी चालू असताना ऑइलचे झाकण काढून त्या तोंडावर तळहात धरलात आणि आतून हवा किती जोराने ढकलते आहे ते बराच वेळ पाहत राहिलात. विकणारा शेजारी उभा राहून गाडीच्या रंगाबद्दल बोलत होता. नंतर टॉर्च घेऊन आपण या वयात गाडीखाली शिरलात, चेसिसवर नव्या रंगाखाली वेल्डिंगची शिवण कुठे दडली आहे का ते बोटाने चाचपलेत, स्प्रिंगच्या पाट्यांची पाने मोजलीत, आणि पुढच्या टायरची एकच कड का झिजली आहे असे विचारून विकणाऱ्याला गप्प केलेत. त्या एका प्रश्नावर भावात जी सूट मिळाली, तिच्यातून पहिला विमा निघाला.

कागदांच्या बाबतीत तर आपण त्याहून कडक निघालात. चेसिस नंबर आरसीशी अंकन् अंक ताडून पाहणे, जुन्या मालकाचे कर्ज फिटल्याचे वित्त कंपनीचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा 35 नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम न देणे, नावावर करण्याच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर आपल्यासमोर सह्या घेणे, गाडीवर थकलेली ई-चलाने आधी त्याच्याकडून भरून घेणे आणि त्याचा फास्टॅग बंद करून माझ्या नावाचा नवा घेणे, हे सगळे आपण एका दमात सांगितलेत. व्यावसायिक गाडीचे पासिंग (फिटनेस तपासणी) आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते; म्हणून गाडीचे वय किंमत ठरण्याआधी विचारायचे असते, हेही तेव्हाच कळले. इतक्या खटपटीबद्दल आपण दलालीचा एक रुपया घेतला नाही.

तरीही माझे सर्वांत मोठे ऋण आहे ते आपल्या वहीचे. पहिले भाडे जालन्याहून पुण्याला सळईचे मिळाले, तेव्हा मी डिझेल आणि टोल वजा करून उरलेला आकडा आपल्याला आनंदाने सांगितला. आपण काही न बोलता दोनशे पानी वही काढलीत आणि हिशेब मांडायला लावलात. अंतर तीनशे किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते असे धरले तर जाताना पंचाहत्तर लिटर, आणि परतीचे भाडे मिळालेच नाही तर रिकामी गाडी येताना आणखी पंचावन्न. डिझेल पंच्याण्णव रुपये धरा म्हणालात, कमी धरून स्वतःला फसवू नका. म्हणजे सव्वाबारा हजारांच्या वर नुसते डिझेल झाले. परतीचे भाडे मिळाले तर तो नफा, पण जातानाच्या भाड्यात येणे बसलेच पाहिजे, ही आपली अट आजही मी मोडत नाही. मग टायर आले. एक टायर बावीस हजारांचा धरला तर दहा टायरचे दोन लाख वीस हजार होतात, आणि ऐंशी हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला पावणेतीन रुपये झिजतात. ते पैसे आज कोणी मागत नाही म्हणून ते आपले वाटतात, असे आपण म्हणालात. त्याखाली हप्ता, विमा, परमिट, पासिंग, ऑइल, ग्रीसिंग यांचे आकडे चढत गेले. एवढे झाल्यावर बेरीज करायला मी पेन उचलला, तर आपण तो काढून घेतलात आणि आपल्या अक्षरात एक ओळ वाढवलीत: चालकाचा पगार.

चालक मीच आहे, पगार कोणाला द्यायचा, असे मी विचारले होते. आपण उत्तर दिलेत की, मालक गाडी चालवतो म्हणून चालक फुकट मिळत नाही; ज्या भाड्यातून दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता निघत नाही, ते भाडे तोट्याचे आहे, आणि तो तोटा तू आपल्या झोपेतून भरतोस. वाहतूक कामगारांसाठी त्या वेळी 1961 चा कायदा होता आणि त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती, हे मला तेव्हा प्रथमच कळले. पण जो स्वतःचाच मालक आहे त्याचे तास मोजायला कोणता निरीक्षक येणार? आमच्या धंद्यात कित्येक जण गाडीचे हप्ते वेळेवर भरतात आणि घरात उसनवारी करतात, त्याचे कारण माझ्या मते या एका गाळलेल्या ओळीत आहे. तेव्हापासून प्रत्येक भाड्यातून पगाराची रक्कम आधी घरच्या खात्यावर जाते, आणि गाडीचे खाते निराळे राहते.

या हिशेबामुळे मला नाही म्हणता येऊ लागले. अड्ड्यावर गाड्या जास्त आणि माल कमी असला की दलाल भाव पाडून बोलतो, आणि हप्त्याची तारीख जवळ आलेला माणूस तो भाव घेतो. मग तूट भरून काढण्यासाठी दोन टन जास्त भरण्याचा मोह होतो. दहा चाकीला मालासकट साडेअठ्ठावीस टनांची मर्यादा आहे, रिकाम्या गाडीचे वजन वजा जाता अठरा-एकोणीस टन माल बसतो, आणि त्यापुढे कायद्यात वीस हजार रुपये दंड व वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहेत, हे आपण माझ्याकडून घोकून घेतले होते. भरल्यानंतर आधी वजनकाटा, मग रस्सा आणि ताडपत्री, हा क्रम आपलाच. सळईचे बंडल मध्ये वाकवून भरलेले असले तरी एखादी सळई गाडीच्या मागच्या फाळक्याबाहेर आलेली दिसली की हमालांना परत बोलवायचे, मग ते कितीही कुरकुरले तरी चालेल, हेही.

माल भरला की ई-वे बिलात, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात, आपल्याच गाडीचा नंबर पडला आहे का, हे गेटबाहेर पडण्याआधी पाहण्याची सवय आपण लावलीत. दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते, आणि वाटेत पाटा तुटून गाडी उभी राहिली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्यावी लागते. चूक कारकुनाची असली तरी अडकून पडते ती आपली गाडी. तसेच, पोच पावतीवर नुसता शिक्का न घेता गाडी पोहोचल्याची आणि रिकामी झाल्याची वेळ लिहून घ्यावी, हे आपले सांगणे एका गोदामाबाहेर गाडी चार दिवस तिष्ठत राहिली तेव्हा उपयोगी पडले. हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, देण्याचे नाकारणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला त्या दोन वेळा दाखवल्यावर पैसे मिळाले, अर्थात चार फेऱ्या मारायला लावूनच. दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या मालकाने पॅनसह लेखी जाहीरनामा दिला तर भाड्यातून टीडीएस कापला जात नाही, हेही मला आपणच सांगितलेत. ज्या कार्यालयांत मी माल उचलत होतो, तिथे ते कोणी आपणहून सांगितले नव्हते.

घाटाबद्दल आपण फार बोलला नाहीत. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका, इतकेच. पुण्यात कात्रजच्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती अपघात झाले आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरीही तिथे गिअर काढून सोडलेल्या गाड्या शेजारून जाताना दिसतात.

गेल्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला आणि डॉक्टरांनी महिनाभर स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. अशा वेळी एक गाडी असलेल्या माणसाची गाडी दारात उभी राहते आणि वित्त कंपनीचे फोन सुरू होतात. मी वहीतल्या ओळीएवढ्याच पगारावर एक ओळखीचा ड्रायव्हर ठेवला. तो पगार प्रत्येक भाड्यात आधीच धरलेला होता, त्यामुळे तो द्यायला पैसे कुठून आणायचे हा प्रश्नच आला नाही. हप्ता वेळेवर गेला, घरखर्चासाठी साठवलेल्या पगारातून भागले आणि औषधपाण्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागला नाही. तो ड्रायव्हर माणूस म्हणून चांगला निघाला, म्हणून बरे झाल्यावरही मी त्याला सोडलेले नाही. लांबच्या भाड्यांना आता आम्ही आळीपाळीने जातो.

आपल्या डोळ्यांचे ऑपरेशन पोळ्यानंतर ठरले असल्याचे कळले. संभाजीनगरला नेण्या-आणण्यासाठी चिरंजीवांना सुट्टी मिळत नसेल तर निःसंकोच कळवावे. त्या आठवड्यात मी जालन्यातच राहण्याची व्यवस्था केली आहे. काकूंना नमस्कार सांगावा.

आपला नम्र,
जालन्याचा एक गाडीवाला