सर, त्या कोलंबियाच्या मॅचबद्दल थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं होतं

सर नमस्कार,

फोनवर बोलायला गेलं की तुम्ही लगेच "अहो वहिनी, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून आता इथे सगळ्यांसमोरच लिहितेय. 2017 ला फुटबॉलचा अंडर-17 वर्ल्ड कप आपल्या देशात झाला, त्यातली भारत-कोलंबिया मॅच, 9 ऑक्टोबर, सोमवारची रात्र. त्या मॅचच्या आधी आणि नंतर तुम्ही माझ्या पोरासाठी जे केलंत त्याचे आभार मला मानायचेत.

तेव्हा तो आठवीत होता, तुमच्याकडे फुटबॉल शिकायचा, गोलकीपर. एका शालेय स्पर्धेत त्याच्यावर धडाधड गोल झाले आणि बाहेर उभी असलेली मोठी माणसं त्याला नको नको ते बोलली. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेच्या अब्रूचा विषय, शाहू स्टेडियमवर मॅच असली की घरात जेवण गार होतं पण माणूस येत नाही, हे मला लहानपणापासून माहितेय, माझं माहेर पण पेठेतलंच. पण म्हणून तेवढ्या पोराला तसं बोलायचं? त्याने ग्लोव्हज माळ्यावर टाकून दिले आणि ग्राउंडचं नाव काढलं तरी चिडायला लागला. तुम्ही घरी आलात, चहा घेतलात, एका शब्दाने त्याची समजूत काढली नाहीत, जाता जाता एवढंच म्हणालात, "शुक्रवारी आठला तालमीत ये, धीरज कसा खेळतोय बघायचंय मला, सोबत कोण नाही." तालीम म्हणजे आमचा पेठेतला क्लब, आणि धीरज म्हणजे भारताच्या त्या अंडर-17 टीमचा कीपर.

शुक्रवारी अमेरिकेने आपल्याला 3-0 ने हरवलं. पोरगा घरी आला तो गप्पच होता, पण सोमवारी न बोलवता स्वतःच निघाला, आणि मी पण मागोमाग आले कारण मला बघायचंच होतं तुम्ही तिथे करता तरी काय. तालमीच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर पोरं सतरंजीवर, तुम्ही मागे खुर्चीवर, आणि सगळी पोरं बॉल बघत असताना तुम्ही माझ्या पोराला सांगत होता की बॉल सोड, धीरज कुठे उभाय ते बघ, आता दोन पावलं पुढे आला बघ, आता बघ कोणाला ओरडतोय. मला फुटबॉल म्हणजे गोल झाला की नाही एवढंच कळायचं, त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की बॉल लांब असतो तेव्हा पण कीपर मॅच खेळतच असतो.

आणि काय खेळला तो धीरज! पहिल्या हाफमध्ये कोलंबियाला एकही गोल करू दिला नाही, उलट आपल्या राहुलचा शॉट पोस्टला लागून परत आला तेव्हा अख्खी तालीम उठून उभी राहिली होती. 49 व्या मिनिटाला पेनालोझाने गोल केला तरी आपली पोरं खचली नाहीत. मग 82 व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनचा कॉर्नर आला आणि जॅक्सन सिंगने उंच उडी मारून हेडर घातला. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल! हॉलमध्ये कोण कोणाला मिठी मारतंय काही कळत नव्हतं, मी पण रडले. आणि तो आवाज खाली यायच्या आत त्याच पेनालोझाने दुसरा गोल केला, 83 वं मिनिट. 2-1. संपलं.

तेव्हा पोरं शिव्या द्यायला लागली, कोणी डिफेन्सला, कोणी कीपरला. तुम्ही टीव्ही बंद केलात आणि म्हणालात, "अरं पोरांनो, आत्ता तुम्ही पण नाचतच होता की. त्यांच्या जागी तुम्ही असता तर परत जागेवर गेला असता का? मग उद्या ग्राउंडवर या, हेच शिकू." बास, एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जे केलंत ते मी कठड्यावर बसून बघितलंय. गोल झाला की नाचायला फुल परवानगी, पण तुम्ही दहा आकडे मोजायचा आणि दहा म्हटलं की समोरच्या टीमने लगेच सेंटरवरून बॉल सुरू करायचा, कोणी जागेवर असो नसो. आणि जागेवर आणायचं काम कीपरचं. "नाव घेऊन ओरड! नुसतं ए ए करू नको, कोण कोणाला धरतोय ते सांग!" आधी त्याचा आवाजच फुटेना, अंधार पडेपर्यंत मात्र त्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. घरी येऊन ग्लोव्हज धुवायला टाकले त्याने. माळ्यावरून कधी काढले मला माहीत पण नाही.

पुढे घानाने 4-0 केलं, तीन मॅचमध्ये आपल्यावर नऊ गोल, आपला एक, आणि आपण बाहेर. यजमान म्हणून फुकटात एंट्री मिळालेली टीम, त्यांचं कसलं कौतुक, असं म्हणणारे तेव्हा पण होते आणि आज पण आहेत. मला हे अजिबात पटत नाही. भारताची मुलं फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये त्याआधी खेळलीच नव्हती, आणि समोरची पोरं लहानपणापासून वर्षभर तगड्या मॅचेस खेळून आलेली, तरी कोलंबियाला शेवटपर्यंत घाम फोडला. त्याच पोरांतली बरीचशी नंतर इंडियन ॲरोज नावाच्या टीममधून आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या क्लबांच्या लीगमध्ये, मोठ्या माणसांविरुद्ध खेळली, पहिल्याच मॅचला चेन्नई सिटीला 3-0 हरवलं आणि त्यातले दोन गोल आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे! त्या दिवशी तुम्ही वाटलेले पेढे आठवतात मला. जॅक्सन, अन्वर अली पुढे सीनियर टीममध्ये गेले.

आणि जॅक्सनची ती गोष्ट, ती तर तुम्ही बरोबर वेळेला सांगितलीत. जिल्ह्याच्या निवडीत पोराचं नाव आलं नाही तेव्हा. की हा जॅक्सन पण आधी भारताच्या टीमच्या कॅम्पमध्ये घेतलेला नव्हता, मिनर्व्हा अकॅडमीतून मागाहून आला आणि इतिहासातला पहिला गोल त्याच्याच डोक्यातून निघाला. त्यावर उपदेश काही नाही, "सहाला ये" म्हणालात आणि निघून गेलात.

सर, तुम्ही फी घेतली नाहीत, कधी सत्कार घेतला नाहीत, पेपरात तुमचं नाव पण आलं नाही. माझा पोरगा काही मोठा प्लेयर झाला नाही, बाहेरगावी नोकरीला लागलाय, पण रविवारी तिथल्या बारक्या पोरांना कीपिंग शिकवतो आणि परवा व्हिडिओ कॉलवर मागून त्याचा आवाज ऐकला, "नाव घेऊन ओरड!" मी म्हटलं, सरांना कळवलंच पाहिजे.

दिवाळीला येणार आहे तो. पहिल्याच दिवशी तुमच्याकडे पाठवते, गुडघा दुखतोय म्हणून सांगू नका, ग्राउंडवर घेऊनच जा त्याला.

तुमची,
कीपरची आई