मोती तलाव नैसर्गिक नव्हे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

कोकणच्या पर्यटनावर लिहिताना सावंतवाडीची ओळख ‘नैसर्गिक तलावाकाठी वसलेले टुमदार शहर’ अशी करून देण्याची रीतच पडून गेली आहे. आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीतही नुकतेच तेच शब्द वाचले. टुमदारपणाबद्दल तक्रार नाही. पण ‘नैसर्गिक’ या एका शब्दाने शहराचा सगळा इतिहास उलटा होतो, म्हणून हे पत्र.

नरेंद्र डोंगराच्या पायथ्याशी असलेले हे गाव पूर्वी सुंदरवाडी म्हणून ओळखले जाई. पुढे सावंत-भोसल्यांच्या नावाने ती सावंतवाडी झाली, तरी आसपासच्या खेड्यांतली माणसे आजही ‘वाडीक जातंय’ एवढेच म्हणतात. जांभ्या दगडाचा राजवाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकिर्दीतला, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळातला. १८३८ मध्ये संस्थानचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला, १८५२ मध्ये आजचे श्रीराम वाचन मंदिर सुरू झाले, आणि मोती तलावाचे आजचे बांधीव रूप त्याही नंतरचे, १८७४ च्या सुमाराचे आहे. राजवाडा आधीचा, ग्रंथालय आधीचे आणि तलाव मागाहून, असा हा क्रम आहे. राजवाडा एका काठाला आणि बाजारपेठ दुसऱ्या, अशी मधोमध पाण्याची जागा निसर्गाने आखून दिलेली नाही. ती माणसांनी ठरवून केली आहे.

या रचनेनेच वाडीचा स्वभाव घडवला असावा, असे मला इतक्या वर्षांच्या रहिवासानंतर वाटते. बाजारातून पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला घरी जाताना तलावाला वळसा घालावा लागतो, आणि वळसा घालताना कोणी ना कोणी भेटतेच. तिन्हीसांजेला कठड्यावर बसणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, कॉलेजची मुले असतात आणि शेवटच्या एस.टी.ची वाट पाहणारे खेड्यातले लोकही असतात. चतुर्थीतले गणपती याच पाण्यात पोचवले जातात. केशवसुत कट्ट्यावर साहित्याच्या गप्पा होतात. त्या नेहमीच उच्च प्रतीच्या असतात असे मात्र नाही.

ज्या वाडीने तलाव करून घेतला, तिने आपली कलाही तशीच हाताने सांभाळली. चितारआळीत लाकडाची फळे मिळतात. आमच्या घरी आलेल्या पुण्याच्या एका पाहुण्यांनी टोपलीतला आंबा पिकला आहे का, हे अंगठ्याने दाबून पाहिले होते. लाकूड चरकावर फिरत असताना त्यावर लाखेची रंगीत कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख पातळ होऊन लाकडावर पसरते, आणि मग केवड्याच्या पातीने घासून तिला चकाकी आणतात. पांगाऱ्याचे हलके लाकूड या कामाला चांगले.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा जुना खेळ; त्याची हकीकत याहून बोलकी आहे. दशावतारी गंजिफाच्या संचात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची राजा, प्रधान व एक्का ते दश्शी अशी बारा पाने, मिळून १२० गोल पाने असतात. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्या रंगांत एक्का मोठा असल्यामुळे नवखा माणूस पहिल्या डावातच गोंधळतो. खेळाची सुरुवात दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने करायची आणि रात्री कृष्णाचा ज्याच्याकडे असेल त्याने, हा नियम तर मला फारच आवडतो. छापील पत्त्यांपुढे हा खेळ मागे पडला आणि तो रंगवणारे चितारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. तेव्हा, १९७० च्या दशकाच्या आरंभी, शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारखाना सुरू करून ती परंपरा पुन्हा उभी केली. सत्वशीलादेवी स्वतः ही कला शिकल्या. आज वाडीच्या गंजिफाला आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे, पण दरबार हॉलमध्ये मांडी घालून एकेक पान रंगवणाऱ्या कारागिराला पाहिले की ते मानांकन कशाच्या जिवावर मिळाले, हे कळते.

मुंबई-गोवा रस्ता पूर्वी तलावाच्या काठानेच जात असे. आता झाराप-पत्रादेवी मार्गाने गोव्याची वाहने बाहेरूनच निघून जातात, आणि रेल्वे स्थानक तर मळगावला. त्यामुळे वाट वाकडी करून वाडीत येणारा पाहुणा मुद्दाम आलेला असतो. त्याच्या हाती मोबाइलवर तलावाचे छायाचित्र काढण्यापुरती अर्ध्या तासाची सावंतवाडी देऊ नये, एवढीच पुरवणीच्या लेखकांना विनंती. ‘नैसर्गिक’ म्हटले की देखभाल कोणाची, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. बांधलेल्या तलावाला मात्र गाळ साठतो, त्याचे कठडे ढासळतात आणि त्यासाठी दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते.

पुरवणीच्या पुढच्या अंकात ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सावंतवाडी