गोळ्यांच्या पट्टीवरचा रंग नक्की कुणाच्या सोयीचा?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

'लाल रेषा असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका' ही जाहिरात आता बऱ्याच जणांनी बघितली असेल. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ही मोहीम काढली, अँटिबायोटिकचा वारेमाप वापर थांबावा म्हणून, आणि हेतू शंभर टक्के चांगला होता. पण मी फार्मासिस्ट आहे, रोज मेडिकलच्या काउंटरला उभी असते, आणि अगदी मनापासून सांगते की ती लाल रेषा लोकांच्या नजरेला पडतच नाही. लोक अडाणी आहेत म्हणून नाही, दोष त्या पट्टीच्या डिझाइनमध्ये आहे.

कारण असं की ती रेषा फक्त अँटिबायोटिकवर नसतेच. शेड्यूल एच, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायच्या औषधांची सरकारी यादी, तिच्यातल्या औषधांवर ती छापायची असते, म्हणजे बीपीच्या गोळीवर आहे, शुगरच्या गोळीवर आहे, ॲसिडिटीची जी गोळी लोक वर्षानुवर्षं रोज सकाळी उपाशीपोटी घेतात तिच्यावरही आहे. कमीत कमी १ मिलिमीटर रुंदीची, डाव्या कडेला उभी. तिच्या शेजारी आरएक्स (Rx) हे चिठ्ठीच्या औषधाचं चिन्ह, बऱ्याचदा तेही लालच, शेड्यूल एच१ म्हणजे त्याहून कडक यादीतलं औषध असेल तर इशाऱ्याच्या चौकटीची बॉर्डर लाल, आणि वरून कंपनीनं ब्रँडचं नाव लाल अक्षरात टाकलेलं असलं की झालंच. सगळ्या वऱ्हाडानं एकाच रंगाचे फेटे बांधल्यावर नवरदेव कसा सापडणार?

हे नुसतं माझं मत नाही, डोळा रंग कसा शोधतो यावर फार आधी काम झालंय. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांचा १९८० सालचा प्रयोग मानसशास्त्रात आजही शिकवतात. समोर तपकिरी टी आणि हिरवे एक्स अशी इंग्रजी अक्षरं विखुरलेली, त्यातून निळं अक्षर शोधायचं. अक्षरं पाच असोत की तीस, वेळ जवळपास तेवढाच लागतो, निळं आपोआप नजरेत भरतं. पण हिरवा टी शोधा म्हटलं, म्हणजे रंग एकासारखा आणि आकार दुसऱ्यासारखा, की मग नजर एकेक अक्षर तपासत जाते आणि गर्दी जितकी जास्त तितका वेळ वाढत जातो. घरातला औषधांचा डबा उघडून बघा, तिथं आपण आईवडिलांना रोज हिरवा टी शोधायला लावतोय.

एकाच कंपनीची एकच गोळी, ५ आणि १० मिलिग्रॅम. दोन्ही पट्ट्यांचा रंग तोच, नावाचा फॉन्ट तोच, मागे तीच चंदेरी फॉइल, फरक फक्त नावापुढच्या त्या बारक्या आकड्यात आणि तोही चमकत्या फॉइलवर काळ्या शाईनं छापलेला, पट्टी उजेडात तिरकी धरल्याशिवाय वाचता येत नाही. कंपनीला ब्रँड ओळखू यायला हवा असतो म्हणून सगळी रेंज एकसारखी दिसते, हे मला समजतं, पण पेशंटला ब्रँड ओळखायचाच नसतो हो, त्याला आपली पॉवर ओळखायची असते. पूर्ण पट्टी परवडत नाही म्हणून लोक चार-पाच गोळ्या कापून मागतात, आणि कापली की नाव एका तुकड्यावर, एक्स्पायरी दुसऱ्यावर, लाल रेषा कुठेच नाही. आम्ही शक्यतो एक्स्पायरीची बाजू शाबूत ठेवून उलट्या टोकाकडून कापतो, पण घरी गेलेल्या तुकड्यावर बऱ्याचदा फक्त रंगच उरलेला असतो. म्हणूनच तर आजी काउंटरवर येऊन सांगतात, "बाई, ती निळ्या पट्टीतली दे, मागच्या वेळची." आता निळ्या पट्ट्या माझ्या रॅकमध्ये कितीतरी आहेत, आणि मागच्या वेळची कंपनी आज स्टॉकमध्ये नसली की निळी पट्टी हिरवी होते आणि आजी ती घ्यायलाच तयार नसतात. त्यांचं चुकतंय असं मला कधीच वाटत नाही. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पेशंटचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यात गोळीचा रंग बदलल्यावर औषध मध्येच सुटण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तिकडची शिकलेली माणसंही रंगावर एवढी अवलंबून असतील तर आपल्याकडच्या आजींना काय बोलायचं.

सगळ्यात जास्त काळजी मला इन्सुलिनच्या सिरिंजची वाटते. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली, म्हणजे व्हायल, बहुतेक करून ४० युनिटची येते आणि इन्सुलिनच्या पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज १०० युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तेवढे युनिट. त्यासाठी सिरिंजही वेगवेगळ्या, ४० वाल्याचं टोपण लाल आणि १०० वाल्याचं केशरी. लाल आणि केशरी! जगात एवढे रंग असताना शेजारशेजारचे दोन, आणि ते ओळखायचे कुणी तर ज्याला शुगर आहे, वय झालंय, मोतीबिंदू आहे, त्यानं. ज्यांना जन्मापासून लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि हे पुरुषांमध्ये बायकांपेक्षा बरंच जास्त असतं, त्यांना तर ही दोन टोपणं जवळपास सारखीच दिसतात. घरात पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं ओढलं तर खुणेवर १० दिसत असताना प्रत्यक्षात २५ युनिट जातात. अडीचपट. शुगर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, रात्री झोपेत झालं तर घरच्यांना कळणारही नाही. उलटी चूक झाली, ४० ची बाटली आणि केशरी टोपण, तर डोस निम्म्याहून कमी जातो आणि शुगर का उतरत नाही म्हणून सगळे कोड्यात. मी सिरिंज देताना प्रत्येक वेळी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही वाचून दाखवते, टोपणाच्या रंगाचं नावसुद्धा घेत नाही.

उजेडाचाही मुद्दा आहे, जो डिझाइन करणाऱ्यांच्या डोक्यात येत नसावा. संध्याकाळी अंधुक झालं की आपल्या डोळ्यांना लाल रंग सगळ्यात आधी काळपट दिसायला लागतो, हे पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलंय. रात्रीची गोळी लोक झिरोच्या बल्बमध्ये घेतात, कधी लाइट गेलेली असते, तिथं ती लाल रेषा काळ्या छपाईत मिसळून जाणार नाही तर काय होणार.

आणि रंग नीट वापरता येत नाही असं मुळीच नाही, आपल्याच सरकारनं ते करून दाखवलंय. मलेरियाच्या गोळ्यांची वयाप्रमाणे वेगळी पाकिटं आहेत, वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, १ ते ४ वर्षांना पिवळं, ५ ते ८ हिरवं, ९ ते १४ लाल आणि १५ च्या पुढे पांढरं. गडचिरोलीसारख्या भागात पाड्यावर फिरणाऱ्या आशाताईला मिलिग्रॅमचा हिशोब करत बसावं लागू नये म्हणून कुणीतरी नीट विचार करून ठरवलेलं आहे हे. टीबीच्या कार्यक्रमातही पूर्वी पहिल्या कॅटेगरीचा डबा लाल आणि दुसरीचा निळा असायचा. या दोन्ही ठिकाणी एका रंगाचा एकच अर्थ होता आणि तो सगळीकडे तोच होता, मला वाटतं सगळं गमक इथंच आहे. इंग्लंडमध्ये रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी १ मिलिग्रॅमची तपकिरी, ३ ची निळी आणि ५ ची गुलाबी असते, कंपनी कुठलीही असो. उद्या आपल्याकडे प्रत्येक कंपनीनं आपापल्या मनानं रंग ठरवले, एकाची ५ ची हिरवी आणि दुसऱ्याची १० ची हिरवी, तर आत्तापेक्षा जास्त घोटाळा होईल, कारण लोक रंगावर भरवसा ठेवून आकडा वाचायचं सोडून देतील.

नुसत्या रंगावरही सोडून चालत नाही. खाण्याच्या पाकिटांवर आधी शाकाहारीला हिरवा गोल आणि मांसाहारीला तपकिरी गोल होता, रंग न ओळखणाऱ्यांना दोन्ही सारखेच वाटायचे, म्हणून खाद्यपदार्थांचे नियम ठरवणाऱ्या एफएसएसएआय या केंद्रीय संस्थेनं २०२० च्या नियमांत मांसाहारीचा गोल काढून त्रिकोण केला. बिस्किटाच्या पुड्यासाठी एवढा विचार होऊ शकतो तर औषधासाठी का नाही? केरळनं २०२४ मध्ये अँटिबायोटिक निळ्या पाकिटातून द्यायचं ठरवलं. ते मला पटलं, कारण निळं पाकीट दुसऱ्या कुठल्या औषधाला वापरत नाहीत, त्यामुळे घरी डब्यात पडलेलं असलं तरी वेगळं उठून दिसणार. हे महाराष्ट्रात करायला काय हरकत आहे, पाकिटाला असा कितीसा खर्च येतो.

माझं म्हणणं राज्याच्या अन्न व औषध प्रशासनापर्यंत (एफडीए) आणि औषध कंपन्यांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र. अँटिबायोटिकला स्वतःची खूण द्या, रंग आणि आकार दोन्ही मिळून, आणि ती दुसऱ्या कशालाही देऊ नका. मिलिग्रॅमचा आकडा ठळक आणि मोठा छापा, प्रत्येक गोळीच्या खणामागे छापा म्हणजे कापलेल्या तुकड्यावरही राहील, आणि कमी-जास्त पॉवरच्या पट्ट्यांना सगळ्या कंपन्यांत मिळून ठरवलेला वेगळा पट्टा द्या. ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय ना, मग छपाई बदलता येत नाही हे कारण कुणी सांगू नये. आणि नवीन पट्टी बाजारात आणायच्या आधी सत्तरीच्या चार माणसांपुढे घरातल्या साध्या उजेडात, बाकीच्या औषधांच्या डब्यात टाकून ठेवा आणि शोधायला सांगा.

तोपर्यंत वाचकांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पट्ट्यांवर जाड मार्करनं सकाळ किंवा रात्र असं लिहून ठेवावं, आणि पट्टीचा रंग बदललेला दिसला की गोळी बंद न करता मेडिकलमध्ये येऊन विचारावं, आम्ही सांगायलाच बसलेलो असतो.

आपली नियमित वाचक,
एक फार्मासिस्ट, जि. सांगली