अर्जनवीस काका, तुम्ही लिहून न दिलेल्या शपथपत्राबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तहसीलसमोरच्या निंबाखाली तुमच्या टेबलाशी रोज इतकी माणसं येऊन बसतात की तुम्हाला मी आठवणार नाही कदाचित. मी 2025 च्या मार्चमध्ये आलो होतो. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. हातात कापडदुकानाची पिशवी, तिच्यात मृत्यूचा दाखला, बाबांचं आधार कार्ड, सातबारा, आठ-अ आणि दोन पासबुकं. बसल्या बसल्या म्हणालो, "वारसाचं शपथपत्र लिहून द्या. आई अन् मी, दोघंच."

तुम्ही पेन उघडून विचारलं, "बहिणी किती?"

"दोन. पण लग्नं झाली त्यांची."

तुम्ही पेनाला टोपण लावलं. "वारल्या का?"

"नाही."

"मग जित्या बहिणीले कागदावर कायले मारतं, बापू?"

काका, त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. उठून निघूनही जाणार होतो, कारण रस्त्यापलीकडचा एक एजंट पाच हजारांत हवं ते शपथपत्र करून द्यायला तयार होता. तुमचे आभार मानायला मला वर्ष लागलं ते त्यामुळेच. आज सगळं उघड लिहितो.

बहिणींचं वाईट करावं असं माझ्या मनात नव्हतं. बाबांच्या तेरवीला मांडवात जी बोलणी झाली, तीच मी डोक्यात घेऊन आलो होतो. "लग्नात दिलं, तोच पोरीचा वाटा" हे आमच्याकडे इतक्या सहज बोललं जातं, की ते कुणाला विचारून पाहावं असं वाटतच नाही. दोन्ही लग्नांचं कर्ज बाबांनी पऱ्हाटीवर फेडलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझा हिशेब तिथे संपला होता.

तुम्ही मला भाषण दिलं नाही. वावर कुणाचं, एवढंच विचारलं. मी म्हणालो, पाच एकर, बाबांनी 2003 मध्ये स्वतः विकत घेतलेलं. मग तुम्ही कागदाच्या पाठीमागे एक झाड काढलं. वर बाबा, खाली आई, मी, मोठी ताई, धाकटी ताई. मी वाद घातला, की मुलींचा कायदा 2005 चा, आणि मोठ्या ताईचं लग्न नंतरचं असलं तरी सगळे म्हणतात तो वडिलोपार्जित जमिनीचा आहे. तुम्ही म्हणालात, बरोबर आहे, ती दुरुस्ती वडिलोपार्जित जमिनीसाठी. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तो हक्क मुलीला जन्मापासून आहे, त्यासाठी 2005 ला बाप जिवंत असण्याची गरज नाही. पण बापानं स्वतः घेतलेल्या आणि मृत्युपत्र न करता मागे ठेवलेल्या जमिनीसाठी 2005 पर्यंत जायचंच कारण नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातच मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलाच्या बरोबरीची. जवळपास सत्तर वर्षं झाली त्या गोष्टीला. मी पदवीपर्यंत शिकलेलो, आणि हे मला निंबाखाली कळलं.

मग तुम्ही विचारलं, "तुह्या बाबाची माय आहे का?"

आजी! काका, मी आजीला धरलंच नव्हतं. शपथपत्रात नाही आणि मनातल्या यादीतही नाही. जी बाई पोटच्या लेकाच्या तेरवीला भिंतीशी बसून होती, तिचाही वाटा असतो हे आमच्या घरात एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मेलेल्या माणसाची आई पहिल्या वर्गात, बायको-मुलांच्या बरोबरीनं, असं तुम्ही सांगितलंत आणि झाडात बाबांच्या वर तिचं नाव लिहिलंत. पाच वारस, प्रत्येकी एक एकर.

पासबुकांची गोष्ट तर मी गावात दहा जणांना सांगितली आहे. तुम्ही बोट ठेवून एकेक नोंद वाचत होता आणि मे महिन्यातल्या 436 रुपयांवर थांबलात. आम्हाला ती बँकेची कसलीतरी कपात वाटायची. ती जीवन ज्योती विम्याची होती. दोन लाखांचा विमा, कोणत्याही कारणानं मृत्यू आला तरी मिळणारा. बाबा त्रेपन्न वर्षांचे होते, म्हणजे पंचावन्नच्या आत. तुम्ही दाव्याचा अर्ज आणायला पाठवलंत, आणि पैसे आईच्या खात्यात आले. जवळच पुढच्या महिन्यातली 20 रुपयांची कपात होती. तीही दाखवून तुम्ही म्हणालात, हा अपघाताचा, तुमच्या कामाचा नाही, पण गावात कुणाचा साप चावून, वीज पडून जीव गेला तर पासबुक आधी बघत जा. तसं मी आता बघतो.

त्याच पासबुकात बाबा गेल्यानंतर एटीएममधून काढलेले 8,000 रुपये होते. ते मी काढले होते, तेरवीसाठी. तुम्ही आवाज न चढवता सांगितलं, की माणूस गेल्यावर त्याचं कार्ड वापरायचं नसतं, बँकेला कळवायचं असतं, आणि ते पैसे हिशेबात धर. फेब्रुवारीत आलेला किसान सन्मानचा 2,000 चा हप्ताही आपला नाही, परत करायचा, हेही.

पतसंस्थेतल्या ठेवीला मी नॉमिनी होतो, म्हणून ती माझीच असं मी धरून चाललो होतो. तुम्ही म्हणालात, "नॉमिनी म्हणजे राखणदार. पीक राखलं म्हणून वावर राखणदाराचं होत नसते." पैसे मला मिळतील, पण ते वारसांचे. आणि वाटणीच्या आधी कर्ज. सोसायटीचं पीककर्ज बाकी होतं आणि कुणीतरी आईला घाबरवलं होतं, की आता घरही जाईल. बापाचं कर्ज वारसावर येतं ते बापाकडून मिळालं तेवढ्यापुरतंच, हे तुम्ही तिला समोर बसवून समजावलंत. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी नीट जेवली. ठेवीतून कर्ज फेडून आणि ते आठ हजार हिशेबात धरून 30,000 उरले, प्रत्येकाला 6,000. आजीनं तिच्या पैशांतून बाबांच्या फोटोला चौकट करून आणवली, बाकीचे लुगड्याच्या घडीत आहेत.

मुंबईचा मावसभाऊ फोनवर प्रोबेट घ्या म्हणत होता, आणि दुसरं कुणी कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टानं केलेलं शिक्कामोर्तब. मृत्युपत्रच नाही तर प्रोबेट कशाचं? आणि ते प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी, त्यावर सातबारा बदलत नाही. दोन वाक्यांत तुम्ही आमचा किती पैसा आणि किती हेलपाटे वाचवले, याचं मोजमाप मी करू शकत नाही.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. शपथपत्रासाठी बहिणींची आधार कार्डं लागणार होती, म्हणून मी मोठ्या ताईच्या गावी गेलो. पिशवी पाहताच ती उठली, पोराच्या दप्तरातून पेन काढलं आणि म्हणाली, "कुठी सही करू, सांग." वाचायचंही म्हणाली नाही. तिला वाटलं, मी हक्कसोड करून घ्यायला आलो. भाऊ कागद घेऊन येतो तो एवढ्यासाठीच, हे तिनं आधीच मनाशी धरलं होतं. मी तुमचं झाड दाखवलं. ती पुष्कळ वेळ कागद धरून बसली, मग चुलीपाशी गेली आणि तिकडूनच म्हणाली, "आजीचंही हाय का त्यात? बरं केलं." काका, एजंटकडे गेलो असतो तर हे वाक्य मला आयुष्यात ऐकू आलं नसतं.

एप्रिलमध्ये सातबाऱ्यावर मयतांच्या जागी वारसांची नावं लावायची जिवंत सातबारा मोहीम आली. आपल्या बुलढाण्यातूनच सुरू झालेली, 1 एप्रिलपासून सगळ्या राज्यात. चावडीवर मयत खातेदारांची यादी वाचली गेली, तिच्यात बाबांचं नाव ऐकताना आईनं पदर तोंडाला लावला. पण आमचे कागद तयार होते: शपथपत्र, पोलीस पाटलांचा दाखला, पाचही जणांची नावं, वयं, पत्ते. फेरफार धरला गेला, नोटिशीची मुदत संपली, कुणाची हरकत नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. एकही पैसा वर द्यावा लागला नाही.

धाकटी ताई अजूनही म्हणते, मी सोडून देते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी तिला थांबवलं आहे. सोडायचंच असेल तर ती स्वतः दुय्यम निबंधकाकडे येऊन, वाचून, नोंदणी करून सोडेल. माझ्या आग्रहानं नाही आणि कोऱ्या कागदावर तर नाहीच. मोठीनं वाटा ठेवला. यंदा खर्च वजा जाता तिच्या एकराचं सोयाबीन मी बंडीनं नाही, टेम्पोनं तिच्या दारात नेऊन टाकलं. दाजींनी पोती मोजली नाहीत.

तुम्ही त्या सगळ्या लिखाईचे 300 रुपये घेतले. मी जास्त देऊ लागलो तर म्हणालात, पुढच्याचा नंबर आहे, उठ आता.

येत्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही बहिणी माहेरी येताहेत. बाबांची घागर भरायची आहे. आजीनं निरोप दिला आहे, "त्या लिहिणाऱ्या भाऊले जेवाले बोलाव, रस-पोळी करतो." तहसीलला त्या दिवशी सुट्टी नसली तर मी दुपारी गाडी घेऊन निंबाखाली येतो. टेबल आवरून ठेवा.

तुमचा,
पाच वारसांपैकी एक